टँडेमची गाडी इंग्रजीवर घसरते

प्रश्न: बी १ (मधल्या पातळी) पर्यंत जर्मन शिकून जर्मनीत एमएस करायला आले आहे. विद्यापीठाच्या भाषा केंद्रातून टँडेम जोडीदार मिळाली. मी तिला इंग्रजी शिकवायचं, तिने मला जर्मन. पण दहा मिनिटांत दोघी इंग्रजीवर येतो. काय करावं?

उत्तर: तुम्ही अडखळलात की ती मदत म्हणून इंग्रजीत शिरते, त्यात तिचा दोष नाही. मोबाइलवर गजर लावा: आधी ३० मिनिटं जर्मन, मग ३० इंग्रजी. उलट क्रम नको, एकदा इंग्रजीची लय लागली की बाहेर पडणं जड जातं. शब्द आठवला नाही तर 'दास डिंग, मिट डेम मान...' (ती वस्तू, जिने आपण...) असं म्हणून वर्णन करा. गाळणीसाठी 'जिने चहा गाळतात' एवढं पुरे. शब्द तीच देईल.

मधेच चुका काढू देऊ नका. तिने कागदावर टिपाव्यात, शेवटी पाच मिनिटांत तीनच सांगाव्यात. नियम मात्र तिला विचारू नका. एखाद्या नामाला 'डेर' (पुल्लिंगी) का, 'दास' (नपुंसकलिंगी) का, हे आपल्याला 'तो टेबल की ते टेबल, आणि का' विचारल्यासारखंच.

एक खाचखळगा: 'वाइल' (कारण) नंतर क्रियापद शेवटी हवं, 'वाइल इश काइने त्साइट हाबे' (कारण मला वेळ नाही; 'हाबे' हे क्रियापद). बोलताना जर्मन लोकही ते बरेचदा आधी आणतात, म्हणून ती टोकणार नाही. लेखी परीक्षेत मात्र गुण जातात. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, तेव्हा 'वाइल'नंतरचं वाक्य इंग्रजीवरून नको, मराठीवरून जुळवा.