सगळीकडे कस्टम लाइट कशाला?

प्रश्न: पुण्यात आमची जुनी ऑफिस बिल्डिंग आहे, रिनोव्हेशन चाललंय, खाली लॉबी नवीन होतेय, वर कँटीन आणि छोटी जिम. डिझायनर म्हणतो सगळीकडे कस्टम लाइट्स करू, कोटेशन बघून कमिटी हबकलीय. खरंच लागतं का एवढं? आणि कँटीनला पांढरा उजेड की पिवळा यावरून भांडणं चाललीत ती वेगळीच.

उत्तर: नाही लागत हो. कस्टमचे पैसे लॉबीत घाला, बाकी ठिकाणी बाजारातला चांगला माल चालतो. जुन्या बिल्डिंगमध्ये खरी बोंब उंचीची असते, बीम खाली आलेले, त्यात एसीचे डक्ट, वर फॉल्स सीलिंग, मग तयार झुंबर आणून लटकवलं की उंच माणूस वाकूनच जाणार. तिथे बीमच्या मधे मापात बसेल अशी चपटी लाइट बनवून घेतली तर पैसे वसूल. आणि नुसता फरशीवर उजेड मारू नका, भिंतींवर टाका, लॉबी मोठी वाटते. सरळ डोक्यावर डाउनलाइट असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि रिसेप्शनवरची माणसं दिवसभर आजारी दिसतात.

कँटीनचं भांडण मिटवा, बॉक्सवर केल्विनचा आकडा बघा, उजेड पिवळा की पांढरा ते त्यावरून कळतं. दुकानदार न विचारता जो ६५०० देतो तो निळसर पांढरा, जेवणाच्या जागी नकोच, पिवळसर ३००० घ्या. बऱ्याचदा सीआरआयही लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो ९० च्या वर असू दे. ८० वाला पॅसेजला चालतो, पण त्याच्याखाली लालभडक रस्सासुद्धा मळकट दिसतो.

जिममध्ये तर डिझायनर हमखास एक गोष्ट विसरतात, बेंचवर उताणं पडून वजन उचलणारा माणूस थेट छताकडे बघतो! म्हणजे बेंचच्या वर स्पॉट नको, प्रकाश छतावर किंवा भिंतीवर आपटून खाली येऊ दे.

आता कस्टमवाल्याला एकच प्रश्न विचारा, ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, कुठे बसवणार? एलईडी स्वतः बरीच वर्षं टिकतो, पण ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेने वाळतात आणि आधी तोच जातो, आणि तो सीलिंगच्या आत बंद करून टाकला असेल तर पाचशेच्या पार्टसाठी पीओपी फोडायचं. ट्रॅपडोअर, म्हणजे सीलिंगमध्ये उघडता येणारी झडप, मागाच. डिमिंगसाठी, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला, डालीची (DALI) वायरिंग सुचवतील, लाइट कंट्रोल करायची चांगली सिस्टिम आहे, पण तिला दोन जादा वायरी लागतात, जुन्या पाइपातून त्या जात नसतील तर भिंती फोडण्यापेक्षा ब्लूटूथवालं कंट्रोल बघा.

ऑर्डर द्यायच्या आधी एक सॅम्पल लॉबीत टांगून संध्याकाळी, अंधार पडल्यावर बघा, मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, पट्टे फडफडताना दिसले तर ड्रायव्हर स्वस्तातला आहे. आणि जादाचे दोन-चार पीस त्याच ऑर्डरमध्ये घेऊन ठेवा, नंतरच्या लॉटमध्ये शेड जुळेल याची गॅरंटी कुणी देत नाही.