खासगी व्यक्तीकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, तर पैसे परत मागता येतात का?

तुम्ही लिहिलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. ऑनलाइन जाहिरात पाहून तुम्ही एका खासगी व्यक्तीकडून आठ वर्षे जुनी मोटार पावणेचार लाख रुपयांना घेतली. जाहिरातीत ‘इंजिन उत्तम, अपघात झालेला नाही’ असे लिहिले होते. तीन आठवड्यांत इंजिन तापू लागले, मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली गळती रोखणारी पट्टी) गेल्याचे सांगितले आणि गाडी लिफ्टवर घेतल्यावर पुढच्या चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जुने वेल्डिंग असल्याचेही दाखवले. विक्रेत्याचे म्हणणे एवढेच आहे की गाडी आहे तशी विकली होती आणि आता त्याचा काही संबंध नाही.

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो आणि अशी प्रकरणे अधूनमधून माझ्याकडे येतात. पैसे परत मिळण्याची शक्यता आहे; मात्र ज्या दोषाने तुम्ही हैराण झाला आहात, त्या इंजिनाच्या जोरावर ती फारशी नाही. तुमच्या हातातला खरा मुद्दा वेल्डिंगचा आहे. असे का, हे समजण्यासाठी आधी कायदा कुठे तुमच्या बाजूने नाही ते पाहावे लागेल.

जुन्या गाडीच्या विक्रीला मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. त्याच्या कलम १६ ची सुरुवातच अशी आहे की विकलेल्या मालाच्या दर्जाबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल कोणतीही गर्भित हमी, म्हणजे शब्दांत न सांगता कायद्याने धरलेली हमी, नसते. त्यानंतर त्या नियमाला काही अपवाद दिले आहेत. त्यांतले दोन मोठे अपवाद, म्हणजे माल सांगितलेल्या कामासाठी योग्य असणे आणि तो विक्रीयोग्य दर्जाचा असणे, हे दोन्ही त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला उद्देशून आहेत. घरची एक गाडी विकणारा नोकरदार माणूस त्यांत बसत नाही. म्हणून गाडी तीन आठवड्यांत बंद पडली, एवढ्याच कारणावरून तिच्या आधीच्या मालकाला कायदा जबाबदार धरत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही याच कारणाने बहुधा बंद असतो, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील तक्रार व्यापारी किंवा सेवा पुरवणाऱ्याविरुद्ध असते आणि एकदाच गाडी विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही.

येथे एक गोष्ट मात्र तपासून घ्या, कारण तिच्यामुळे सगळे चित्र पालटू शकते. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) नाव एकच होते का? तुमच्या हाती आलेले मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आधीच सह्या केलेले, पण खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी असलेले होते का? त्याच फोन क्रमांकावरून आणखी गाड्यांच्या जाहिराती दिसतात का? तसे असेल, तर तो खासगी मालकाच्या वेशातला दलाल आहे. मग कलम १६ चे अपवादही लागू होऊ शकतात आणि तुमच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगही उपलब्ध होतो. तेथे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास शुल्क लागत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत नोंदणीची स्वतंत्र पद्धत सुरू झाली आहे. ती टाळून धंदा करणारा माणूस आयोगापुढे आपण व्यापारी नसल्याचे सांगू लागला, तर त्याच्या जाहिरातीच त्याला खोटे पाडतात.

समजा, तो खरोखरच खासगी मालक होता. अशा वेळी सगळा भर भारतीय संविदा अधिनियम, १८७२ (करारांचा कायदा) च्या कलम १७ ते १९ वर येतो. कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की निव्वळ मौन म्हणजे कपट नव्हे. बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्य असेल किंवा त्याचे मौनच बोलण्याच्या तोडीचे असेल, तरच ते कपट ठरते. त्याखालील उदाहरणे घोड्याची आहेत, आणि गाड्यांचे वाद हाताळताना मला ती नेहमी आठवतात. एक माणूस सदोष घोडा लिलावात विकतो, दोष त्याला माहीत असतो, तो काहीच बोलत नाही. हे कपट नाही. पण घेणारा जर म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन’ आणि विकणारा त्यावर गप्प राहिला, तर तेच मौन बोलण्यासारखे ठरते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या दोन उदाहरणांत खासगी खरेदीचा सगळा कायदा आला आहे. मी स्वतः एका परिचिताकडून गाडी घेताना गिअरबॉक्सबद्दल विचारायचे विसरलो होतो. दोन महिन्यांत तो उतरवावा लागला आणि वकील असूनही मला त्या गृहस्थांना साधे पत्रसुद्धा लिहिता आले नाही, कारण ते त्या विषयावर एक शब्दही बोललेले नव्हते.

तुमचा विक्रेता मात्र बोलला आहे, तेही लेखी. त्याच्या दोन वाक्यांचे वजन सारखे नाही. ‘इंजिन उत्तम’ हे विकणाऱ्याचे मत किंवा कौतुक आहे असा बचाव घेता येतो, आणि हेड गॅस्केट विक्रीच्या दिवशीच गेलेले होते हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर असतो. आठ वर्षे जुन्या इंजिनात ते विक्रीनंतरही जाऊ शकते. शिवाय तुम्ही गाडी तापलेली असताना चालवत राहिलात का, हा प्रश्न उलटतपासणीत नक्की येईल. ‘अपघात झालेला नाही’ हे मात्र वस्तुस्थितीचे विधान आहे. ते खरे असते किंवा खोटे असते. आणि अपघाताची खूण असलेले वेल्डिंग तीन आठवड्यांचे नसून जुने आहे हे कोणीही जाणकार पाहून सांगू शकतो.

आता विक्रेत्याला अपघात माहीत होता का, हे पाहावे लागते. तो पहिला मालक असेल, तर प्रश्न जवळजवळ मिटतो. दुसरा किंवा तिसरा असेल, तर अपघात त्याच्या आधीचा असू शकतो. मग ते कपट न राहता कलम १८ मधले चुकीचे निवेदन ठरते. त्यानेही करार रद्द करता येतो, पण कलम १९ मध्ये एक अपवाद आहे. चुकीच्या निवेदनामुळे संमती दिली असली, तरी साधारण दक्षतेने सत्य शोधून काढण्याचे साधन तुमच्याजवळ होते असे दिसले, तर करार रद्द करता येत नाही. गाडी घेण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवून पाहणे ही साधारण दक्षता आहे की नाही, यावर वकील तासभर भांडू शकतात.

त्याला माहीत होते हे दाखवण्यासाठी पुढील कागद उपयोगी पडतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला गाडीचा इतिहास मिळवा. त्यात किलोमीटरच्या नोंदींबरोबर बॉडीच्या मोठ्या कामाच्याही नोंदी असतात. जुन्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती होता ते पाहा. एकाच मालकाकडे काही वर्षे असलेल्या गाडीचा हा बोनस मध्येच शून्यावर आलेला दिसला, तर त्याआधी दावा घेतला गेला असण्याची दाट शक्यता असते, आणि दावा ज्याने सही करून घेतला त्याला अपघात माहीत नव्हता असे म्हणता येत नाही.

इंजिनाचा मुद्दा पूर्णपणे सोडू नका, एका शक्यतेसाठी तो राखून ठेवा. गळती तात्पुरती बुजवणारे द्रव्य रेडिएटरमध्ये टाकून गाडी विकण्याचा प्रकार जुनाच आहे. मेकॅनिकला कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) तसा गाळ आढळला, तर ते मौन राहत नाही. जाणूनबुजून केलेली लपवाछपवी हाही कलम १७ मधला कपटाचा प्रकार आहे. म्हणून इंजिन उघडण्याआधी कूलंटचा नमुना बाजूला काढून ठेवायला सांगा. बहुतेक लोक आधी दुरुस्ती करतात आणि मग वकिलाकडे येतात. तोपर्यंत पुरावा गटारात गेलेला असतो.

‘आहे तशी विकली’ या शब्दांना घाबरण्याचे कारण नाही. मालविक्री अधिनियमाच्या कलम ६२ नुसार गर्भित हमी करारातून वगळता येते हे खरे, पण खासगी विक्रेत्यावर दर्जाची गर्भित हमी मुळात नव्हतीच. खोटे बोलण्याची मुभा त्या शब्दांनी कोणालाही मिळत नाही.

तुमच्यापुढे दोन मागण्यांचे पर्याय आहेत आणि त्यांतला एक आताच निवडावा लागेल. करार रद्द करून गाडी परत द्यायची व पैसे परत घ्यायचे असतील, तर सत्य कळल्यानंतर गाडी वापरणे थांबवा. कळल्यावरही महिनाभर गाडी फिरवली, तर तुम्ही व्यवहार कायम केला असे न्यायालय धरू शकते. आरसी तुमच्या नावावर झाली असली तरी ही मागणी संपत नाही, फक्त गाडी परत देताना हस्तांतरणाचे फॉर्म पुन्हा उलट दिशेने भरावे लागतात. गाडी ठेवायची असेल, तर नुकसानभरपाई मागता येते; अपघातग्रस्त गाडीची तेव्हाची किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतील फरक हा तिचा सरळ हिशेब आहे. रोज टॅक्सीने जावे लागले, मनस्ताप झाला, यांसाठी मोठा आकडा लिहिण्याचा मोह टाळा. मला स्वतःला तुमच्या बाबतीत पहिला पर्याय बरा वाटतो, कारण वेल्ड केलेल्या चॅसिसची गाडी दुरुस्त करूनही तुम्हाला पुढे प्रामाणिकपणे विकता येणार नाही.

पोलिसांत जावे का, असेही तुम्ही विचारले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे, पण त्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो आणि ठाण्यात बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ हेच ऐकायला मिळते. विमा दाव्याचा कागद हाती आला, तर तो विचार पुन्हा करा. तोपर्यंत नोटिशीत अटकेची धमकी घालू नका.

दिवाणी दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, आणि कपट असल्यास ती ते उघडकीस आल्यापासून मोजली जाते. दावा दाखल झाल्यावर निकालाला किती काळ लागेल हे मी सांगणार नाही; पावणेचार लाखांसाठी तो लांबचा प्रवास आहे. त्यामुळे आधी नोटीस द्या आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच्या तडजोडीसाठी, अर्ज करा. तेथे तडजोड झाली, तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपीलही नसते. अर्थात विक्रेता तेथे यायला तयार हवा, आणि नोटिशीत पुरावा भक्कम दिसला की माणसे येतात असा माझा अनुभव आहे.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. तिच्यात जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे लिहा, वेल्डिंगची छायाचित्रे आणि दुसऱ्या, स्वतंत्र गॅरेजचा सही-शिक्क्याचा अहवाल जोडा आणि विक्रेत्याला ठरावीक दिवसांत स्वतः येऊन किंवा आपला मेकॅनिक पाठवून गाडी पाहण्याचे आमंत्रण द्या. तो आला नाही, तर अहवालावर आक्षेप घेणे त्याला जड जाते. जाहिरात अजून दिसत असेल, तर आजच तिचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, आणि ज्या फोनवर तुमचे संदेश झाले तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह सादर करावा लागतो आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे होते.