कातळावरची चेष्टामस्करी : वाचकांचे प्रश्न, पुस्तकांची उत्तरं

प्रश्न : मी नाशिकचा, आमच्या ग्रुपबरोबर सुळके चढतो. हिमवादळं, मृत्यू, ऑक्सिजन संपला वगैरे पुस्तकं पुष्कळ वाचून झाली. अमेरिकन क्लाइंबर लोकांनी काही हसवणारं लिहिलंय का? कुठून सुरू करू?

लिहिलंय की, आणि ते नुसतं टाइमपास नाहीये. माझं मुख्य उत्तर म्हणजे वॉरन हार्डिंगचं 'डाउनवर्ड बाउंड', १९७५ साली आलेलं. पण ते हातात घेण्याआधी हा माणूस कोण होता ते कळायला हवं, नाहीतर अर्धे विनोद डोक्यावरून जातात.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एल कॅपिटन नावाचा सुमारे ३००० फुटांचा ग्रॅनाइटचा कडा आहे, त्याच्या मधोमध जी धार दिसते ती 'नोज'. १९५७ मध्ये त्या काळचा आघाडीचा क्लाइंबर रॉयल रॉबिन्स आणि त्याच्या दोन जोडीदारांनी शेजारचा हाफ डोमचा उभा कडा पहिल्यांदा चढला. हार्डिंगचीही नजर त्याच कड्यावर होती, तो पोचेपर्यंत ही मंडळी वर लागलेली होती, तर हा पठ्ठ्या चालत माथ्यावर गेला, त्यांना भेटला, अभिनंदन केलं आणि मग ठरवलं की आपण याहून मोठा कडा घ्यायचा. मग नोज. दीड वर्षात मिळून ४५ दिवस कड्यावर, खाली टुरिस्टांची इतकी गर्दी व्हायला लागली की पार्कवाल्यांनी सांगितलं उन्हाळ्याच्या सीझनमध्ये चढायचं नाही. एवढ्या रुंद फटींत बसतील असे पिटॉन (फटीत ठोकायचे लोखंडी खिळे) नव्हते म्हणून भंगारात मिळालेल्या जुन्या स्टोव्हचे पाय ठोकले, त्या फटींना आजही 'स्टोव्हलेग क्रॅक्स' म्हणतात. शेवटच्या रात्री डोक्यावर झुकलेल्या कातळात हाताने भोकं पाडत २८ बोल्ट (भोकात ठोकून बसवायचे, दोर अडकवायचे खिळे) मारले आणि १२ नोव्हेंबर १९५८ ला सकाळी वर. बोल्ट मारताना मनगटाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, तेव्हा २८ हा आकडा तुम्ही नीट वाचाल याची खात्री आहे.

हार्डिंग आणि रॉबिन्सचं भांडण पेटलं १९७० मध्ये. हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपिटनच्याच दुसऱ्या भागावर, ज्याला आता डॉन वॉल म्हणतात, तिथे २७ दिवस राहिले, पाऊस झाला, खाणं संपत आलं, पार्कने रेस्क्यूची तयारी केली आणि या दोघांनी रेस्क्यू नाकारला. वर पोचले तेव्हा पत्रकार कॅमेरे घेऊन उभे. बोल्ट आणि रिव्हेटसाठी (बोल्टपेक्षा छोटे खिळे) पाडलेली भोकं तीनशेच्या वर. रॉबिन्सला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं इतके बोल्ट मारून कुठलाही कडा चढता येईल, मग साहस कुठे राहिलं? लगेच १९७१ च्या सुरुवातीला तो डॉन लॉरियाला घेऊन तोच रूट चढायला गेला आणि खालचे बोल्ट तोडत निघाला, पण थोडं वर गेल्यावर त्याला कळलं की यातलं चढणं खरंच अवघड आणि दर्जेदार आहे, आणि त्याने तोडणं थांबवलं.

आता 'डाउनवर्ड बाउंड' उघडा. क्लाइंबिंगचे नियम सांगत फिरणाऱ्यांना हार्डिंग 'व्हॅली ख्रिश्चन' म्हणायचा, म्हणजे सोवळं पाळणारे. वरवर हे क्लाइंबिंग शिकवणारं पुस्तक आहे, आत सगळ्या शिकवणाऱ्यांची टर उडवलेली आहे, बेरिल नॉथची चित्रंही तशीच. मात्र हार्डिंगचं वाचून रॉबिन्सला खलनायक ठरवणारे बरेच भेटतात, ते मला अजिबात मान्य नाही. आपली चूक दिसल्यावर छिन्नी खाली ठेवणं सोपं नसतं, आणि तेही सगळं क्लाइंबिंग जग बघत असताना. सह्याद्रीतही बोल्ट कुठे मारावा, जुन्या रूटवर नवा बोल्ट चालेल का, यावर वाद होतातच, म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या क्लाइंबरने हे भांडण दोन्ही बाजूंनी वाचावं. स्टीव्ह रोपरचं 'कॅम्प ४' (१९९४) आधी घ्या, त्या काळच्या तळावरची सगळी माणसं त्यात भेटतात, मग हार्डिंग.

प्रश्न : ज्या खेळात माणसं मरतात त्याची टिंगल करणं बरोबर आहे का? मुंबईहून, एका क्लाइंबरची आई.

ताई, तुमचा प्रश्न मनाला लागला, आणि तो विचारायचा हक्क तुम्हालाच आहे. मी जेवढं वाचलंय त्यात मेलेल्या माणसाची टिंगल मला दिसत नाही. टिंगल होते ती रुबाबाची. न्यूयॉर्कजवळ शावनगंक नावाच्या कड्यांवर पन्नाशीच्या दशकात अ‍ॅपलॅचियन माउंटन क्लबचं राज्य होतं, कोण लीड करणार (म्हणजे दोर घेऊन पुढे चढणार), कोण कुणाबरोबर चढणार हे क्लब ठरवायचा, परवानगी लागायची. कॉलेजच्या पोरांनी बंड केलं आणि स्वतःला 'व्हल्गेरियन' (व्हल्गर, म्हणजे असभ्य, त्यावरून) म्हणवून घेतलं. त्यांनी पुढे 'व्हल्गेरियन डायजेस्ट' नावाचं नियतकालिक काढलं, त्यात एका गड्याचा कपड्यांशिवाय कडा चढतानाचा फोटो छापला, आणि तो रूट कुठला तर 'शॉकलीज सीलिंग', म्हणजे ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळालेल्या विल्यम शॉकलीने १९५३ मध्ये पहिल्यांदा चढलेला. पोरं वात्रट होती यात वाद नाही. पण त्या वात्रटपणातून अवघड रूट उघडले गेले, आणि कड्यावर जायला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही हे तिथे कायमचं ठरलं.

अजून एक किस्सा, हा मला फार आवडतो. १९६२ मध्ये 'समिट' मासिकात 'रीझेनस्टाइन' नावाच्या कॅनडातल्या भयंकर सुंदर, अजून कुणी न चढलेल्या शिखराचे फोटो आले, ऑस्ट्रियन लोकांनी प्रयत्न केल्याची कहाणी सोबत. शिखर असं अस्तित्वातच नव्हतं! फोटो अलास्कातल्या किचाटना सुळक्यांचे, आणि हे सगळं रचलेलं हार्वी मॅनिंग आणि त्याच्या मित्रांनी. खरी जागा शोधून काढायला क्लाइंबर लोकांना काही वर्षं लागली, आणि सापडल्यावर ते तिथे चढायला गेले. कुणाला इजा नाही, उलट एक अख्खी डोंगररांग लोकांना माहीत झाली.

तुमच्या काळजीला मात्र माझ्याकडे पुस्तक नाही, ताई. मुलाला सांगा हेल्मेट घाल आणि गाठ दुसऱ्याकडून तपासून घे.

प्रश्न : आम्ही सॅन होजेला असतो. बारा वर्षांच्या मुलीला डोंगरांचं वेड आहे, तिला वाचून दाखवता येईल असं काही सांगा ना. वर सांगितलेलं तिला चालणार नाही बहुतेक!

नाही चालणार, त्यात दारू भरपूर आहे. मार्क ट्वेन घ्या, 'अ ट्रॅम्प अब्रॉड', १८८०. डोंगर स्वित्झर्लंडचे, पण चेष्टा पक्की अमेरिकन. रिफेलबर्गचं हॉटेल म्हणजे झरमॅटहून टुरिस्ट चालत जातात अशी जागा, तिथे जायला हा मोहीम काढतो : खेचरं धरून १९८ जण, गाई धरल्या तर २०५. उंची मोजायला थर्मामीटर उकळतो, पुढे बॅरोमीटर उकळलं जातं आणि त्याचं सूप सगळ्यांना इतकं आवडतं की रोज करायला सांगतो. त्या काळी युरोपातले गिर्यारोहक आपल्या मोहिमांचं जे घनगंभीर वर्णन करायचे त्याची ही नक्कल आहे. त्याच पुस्तकात तो माँ ब्लाँ शिखर दुर्बिणीतून 'चढतो', म्हणजे खाली उभं राहून दुसऱ्यांना चढताना बघत. मुलीला हा भाग आधी वाचून दाखवा. कॉपीराइट केव्हाच संपलाय, फुकट मिळतं. आणि तुम्ही इतके जवळ आहात तर एका वीकएंडला तिला योसेमिटीत न्या, एल कॅपिटनच्या खालच्या कुरणातून कड्यावरची माणसं दुर्बिणीने दिसतात, ट्वेन आपोआप कळेल.

प्रश्न : 'क्लिफहँगर' बघून मी क्लाइंबिंग सुरू केलं, ग्रुपमधले हसतात. एवढा वाईट आहे का तो सिनेमा? (कोल्हापूर)

हसू देत. सिनेमाची मूळ कल्पना जॉन लाँगची होती, आणि तो योसेमिटीतला पट्टीचा क्लाइंबर आणि उत्तम लेखक. कातळात गोळीसारखा बोल्ट मारणारी बंदूक खोटी आहे, सुरुवातीला हार्नेसचं (दोर जोडायला अंगावर घालायच्या पट्ट्यांचं) बकल तुटतं तेही सिनेमासाठी मुद्दाम बदललेलं होतं, तसं शेवटच्या श्रेयनामावलीत लिहिलंय. गोष्ट कोलोराडोतली आणि शूटिंग इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये. पण उंचीची भीती खरी वाटते, १९९३ मध्ये तेवढं पुरेसं होतं. यापेक्षा 'द आयगर सँक्शन' वाचा (१९७२). ट्रेव्हेनियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्राध्यापकाने ते हेरकथांची नक्कल म्हणून लिहिलं आणि बहुतेकांनी ते सरळ थ्रिलर म्हणूनच वाचलं. नायक कलेचा प्रोफेसर, गिर्यारोहक आणि भाडोत्री मारेकरी, हे एवढं सगळं एकाच माणसात म्हटल्यावर खरं तर कळायला हवं होतं. त्यावर क्लिंट ईस्टवूडने १९७५ मध्ये सिनेमा केला, कड्यावरचं काम स्वतः केलं, पण स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखरावरच्या शूटिंगमध्ये दगड कोसळून डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश क्लाइंबर गेला. ते माहीत झाल्यापासून मला तो सिनेमा मजा म्हणून बघता येत नाही, पुस्तक मात्र परत परत वाचता येतं.

प्रश्न : सगळे पुरुषच दिसतायत तुमच्या उत्तरांत. बायका कुठे आहेत? (पुण्याहून, एक वाचक)

बरोबर पकडलंत. वरचं 'समिट' मासिक १९५५ मध्ये कुणी सुरू केलं माहितीये? जीन क्रेन्शॉ आणि हेलन किल्नेस या दोन मैत्रिणींनी, आणि संपादक म्हणून छापताना दोघींची फक्त इनिशियल्स, कारण बायका डोंगराचं मासिक चालवतात म्हटलं तर कोण विकत घेणार ही भीती. व्यंगचित्रकार शेरिडन अँडरसनची चित्रं याच मासिकात यायची, त्यानेच पुढे रॉबिन्सच्या 'बेसिक रॉकक्राफ्ट'लाही चित्रं काढली. म्हणजे अमेरिकन क्लाइंबिंगला स्वतःवर हसण्यासाठी हक्काची पानं या दोघींनी दिली, आणि त्यांची नावं आपल्याकडे कुणाला ठाऊक नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि अमेरिकन क्लाइंबर लिन हिल. हार्डिंगला ४५ दिवस लागलेला तोच नोज तिने १९९३ मध्ये फ्री चढला, म्हणजे वर जायला फक्त हातपाय, दोर पडलो तर वाचवण्यापुरता. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. वर पोचून म्हणाली, जमतं बरं का, पोरांनो! पुढच्या वर्षी २४ तासांच्या आत पुन्हा. तिचं 'क्लाइंबिंग फ्री' २००२ चं, विनोदी अजिबात नाही, पण हार्डिंग वाचून झाला की लगेच हे घ्या, त्याच फटी आणि तेच ओव्हरहँग (बाहेर झुकलेले कातळ) तिच्या बोटांनी कसे लागले ते वाचायला मिळेल.