नसबंदीनंतरही अंगावर चढणारा कुत्रा: चढण्याआधीचे काही सेकंद पकडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चौदा महिन्यांचा कुत्रा, नसबंदीला चार महिने झाले, तरी पाहुण्यांच्या पायाला मिठी मारतो, तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या पाठीवर चढतो, मैदानात दुसऱ्या कुत्र्यांचा पिच्छा सोडत नाही. ऑपरेशन केलं की थांबेल असं सांगितलं होतं, ते थांबलं नाही. घरचे म्हणतात, तो वरचढ व्हायला बघतोय. आणि आता कुणी आलं की तुम्ही त्याला बाथरूममध्ये कोंडता. हे शेवटचं वाचून फार वाईट वाटलं, कारण माझ्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या वेळी मीही अगदी तेच केलं होतं. तुमचा कुत्रा बिघडलेला नाही. ही सवय सुटते, फक्त आपण चुकीच्या क्षणी मधे पडत असतो.

आधी नसबंदीचं बोलू. अंडकोष काढल्यावर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसांतच तळाला जातं. त्यामुळे चार महिन्यांनी दिसणारं चढणं 'अजून हार्मोन उरलेत' म्हणून होत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये ५७ नर कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भटकणं, लघवीने खुणा करणं आणि अंगावर चढणं या सवयी नसबंदीनंतर सुमारे ६० टक्के कुत्र्यांत निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या, पण जवळजवळ बंद झाल्या त्या २५ ते ४० टक्क्यांतच. म्हणजे तुमचा कुत्रा काही जगावेगळा नाही. पाच-सहा आठवड्यांची पिल्लंही खेळताना एकमेकांवर चढतात, नसबंदी झालेल्या माद्याही चढतात. माझी कुत्री राणी आजही घरात फार गडबड झाली की सोफ्यावरची उशी ओढून काढते आणि तिच्यावर चढते. तिला ना नर हवा असतो, ना कुणावर सत्ता गाजवायची असते.

मग हे असतं तरी काय? बहुतेक वेळा उतू गेलेली उत्तेजना. आनंद, घाई, बावचळलेपण, कधी भीती, कधी नुसती झोप न झाल्याची चिडचिड. आत मावेनासं झालं की कुणी भुंकतं, कुणी घरभर धावतं, कुणी चढतं. दूध उतू गेल्यावर फुंकर मारून काही होत नाही, गॅस आधी बारीक करावा लागतो. इथेही तसंच आहे.

भुऱ्याचं मला हे कळलं ते मोबाइलवर शूटिंग केल्यावर. बेल वाजली की तो दाराशी धावायचा, परत माझ्याकडे, पुन्हा दाराशी. तोपर्यंत तोंड उघडं, शेपटी सैल, सगळं छान. पाहुणे बसले की मात्र तोंड एकदम मिटायचं. ओठांवरून पटकन जीभ फिरायची, कान मागे जायचे. मग तो पाहुण्यांच्या पुढून न येता गुडघ्याच्या मागच्या बाजूने वळसा घालायचा आणि हनुवटी मांडीवर टेकवायचा. पाहुणे म्हणायचे, 'किती लाघवी आहे!' त्यानंतर एक पंजा वर, आणि चार सेकंदांत मिठी. मी नेहमी मिठीनंतर ओरडत होते. माझं काम मात्र तोंड मिटलं तिथेच सुरू व्हायला हवं होतं.

तेव्हा पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त बघा. तुमच्या कुत्र्याची खूण वेगळी असेल: एखादा गोल गोल फिरतो, एखादा ताठ होऊन टक लावतो. प्रत्येक वेळी किती वाजले होते आणि आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, एवढंच वहीत लिहा. माझ्या वहीत जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी सहा ते आठच्या निघाल्या. मुलं घरी आलेली, टीव्ही चालू, आणि भुऱ्या दुपारभर खिडकीशी पहारा देऊन दमलेला. या वयाच्या कुत्र्याला दिवसाकाठी सहज चौदा तास झोप लागते. मी त्याला 'दमवायला' आणखी बॉल फेकत होते आणि तो आणखीच चढत होता. बॉल बंद केला, त्याऐवजी हळू, हुंगत हुंगत फेरी आणि नंतर अंधाऱ्या खोलीत चघळायला काहीतरी, एवढ्यानेच निम्मा फरक पडला.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घरात असताना त्याला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला आणि हार्नेसला हलका, दीड-दोन मीटरचा पट्टा लावून तो मागे जमिनीवर घसटत राहू द्या. पट्ट्याच्या टोकाची मूठ कापून टाका, म्हणजे ती फर्निचरमध्ये अडकणार नाही. हे फक्त तुमची नजर त्याच्यावर असतानाच. शांत वेळी, कुणी नसताना, 'चल' शब्द शिकवा: म्हणायचं, दोन पावलं वळून चालायला लागायचं, तो मागे आला की खाऊ जमिनीवर पसरायचा. हातातून भरवण्यापेक्षा पसरलेलं बरं, कारण नाक खाली गेलं की कुत्रा आपोआप निवतो. दिवसातून पाच-सहा वेळा, एकेक मिनिट. हे पक्कं झालं की खूण दिसताक्षणी, हनुवटी टेकायच्या आधी, हसऱ्या आवाजात 'चल'. त्याच्या जोडीला चटई: चटईवर झोपलं की काहीतरी चांगलं मिळतं, एवढंच. मग घरच्याच माणसाला बाहेर पाठवून दहा-दहा वेळा बेल वाजवायला लावा. खरे पाहुणे ही परीक्षा आहे, सराव आधी घरच्यांवर करायचा.

आणि चढलाच तर? ओरडू नका, ढकलू नका. ढकलणं त्याला कुस्ती वाटते, तो दुप्पट जोराने परत येतो. पट्टा उचला, एक शब्द न बोलता बाजूला न्या आणि जाळीच्या दारामागे दोन मिनिटं निवू द्या. इथे एक चूक फार जण करतात: उतरवल्या उतरवल्या खाऊ देतात. कुत्रा मग 'चढायचं, उतरायचं, खाऊ घ्यायचा' ही साखळी शिकतो. खाऊ चढण्याआधीच्या वळण्याला द्यायचा. चढलाच असेल तर थोडं थांबून, एक-दोन सोप्या गोष्टी करून घेऊन मगच. 'दुर्लक्ष करा, आपोआप जाईल' हा सल्लाही इथे चालत नाही, कारण चढण्यातच त्याला बक्षीस मिळत असतं, तुमच्या लक्षाची गरजच नसते.

थप्पड, गुडघा मारणं, तोंडावर पाणी उडवणं, शॉकचा कॉलर यांपैकी काहीही नको, हे मी कळकळीने सांगते. त्यातून तो 'चढू नये' हे शिकत नाही, 'पाहुणे आले की मला दुखतं' हे शिकतो. मग चढण्याच्या जागी गुरगुरणं येतं, आणि ते सोडवणं दसपट कठीण. वरचढपणाचं म्हणाल तर घरच्यांना वही दाखवा. सत्ता हवी असलेला प्राणी फक्त संध्याकाळी सहा ते आठमध्येच सत्ता मागत नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र थोडीही ढिलाई नको. ती जमिनीवर बसून खेळत असेल तेव्हा मधे जाळीचं दार हवंच. धावणं, किंचाळणं, लोळणं हे या वयाच्या कुत्र्याला आमंत्रण असतं. तो जवळ आला तर हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि तुम्हाला हाक मारायची, एवढं तिला शिकवा. त्याला खाली उतरवणं हे तिचं काम नाही, मोठ्यांचं आहे.

मैदानात दर दोन-तीन मिनिटांनी बोलावून घ्या, खाऊ द्या, परत सोडा. समोरच्या कुत्र्याला हे चालतंय का ते कळायला सोपा उपाय: तुमच्याला धरून ठेवा. दुसरा परत खेळायला आला तर ठीक, अंग झटकून निघून गेला तर त्याला सुटका हवी होती. 'दुसरा कुत्राच धडा शिकवेल' म्हणून सोडून देऊ नका, त्यात भांडणं होतात. उशीवर दिवसातून एखाद मिनिट चढत असेल तर मी सोडून देईन. खाणं-खेळणं सोडून तेच करत असेल तर उशी उचला आणि डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे आणखी कधी जायचं? तो लिंगाजवळ सारखा चाटत असेल, थोडी थोडी लघवी वारंवार करत असेल, थेंब गळत असतील किंवा अंगाला खाज असेल तर शिकवण्याआधी लघवीची आणि त्वचेची तपासणी. उत्तेजित झाल्यावर लिंगाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना गाठीसारखं फुगतं. ते नसबंदी झालेल्या कुत्र्यातही होतं, त्याला अंडकोष समजून घाबरू नका, काही मिनिटांत ओसरतं. पण लिंग बाहेर राहून आत जातच नसेल, लालबुंद किंवा जांभळं दिसू लागलं असेल, तर सकाळची वाट न बघता तडक न्या.

बाथरूमची सवय आजपासून बदलता येईल. पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी त्याला त्याच्या आवडीच्या खोलीत, चघळायला देऊन, जाळीमागे ठेवा. दार वाजल्यावर मानगूट धरून आत ढकलणं आणि हे, यात त्याच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. भुऱ्याला पाहुण्यांसमोर चटईवर टिकायला दोन महिने लागले. मधे एक आठवडा तर सगळं पुसलं गेल्यासारखं वाटलं होतं, मग परत जमलं.

आठवड्याच्या नोंदी झाल्या की इथे लिहा, वेळा बघून पुढचं ठरवू. आणि ऑपरेशनच्या कागदावर दोन्ही अंडकोष काढल्याची नोंद आहे ना, ते आजच बघून घ्या. एखादा पोटातच राहिलेला असेल तर हार्मोन चालूच राहतं आणि मग आधी तेच निस्तरावं लागेल.