वाचक विचारतात : अधिवेशन कधी भरते, किती दिवस चालते?

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की आमच्याकडे विधिमंडळाविषयी पत्रे येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यातून आलेल्या अशाच काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

अधिवेशनाच्या तारखा राज्यघटनेत ठरलेल्या आहेत का? — एक वाचक, निफाड

नाहीत. अनुच्छेद १७४ मध्ये बंधन एकच आहे : एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्या अधिवेशनाची पहिली बैठक यांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये. राज्यपाल सभागृहांना बोलावतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. वर्षातून तीन अधिवेशने ही आपली रीत आहे. फेब्रुवारी-मार्चमधले अर्थसंकल्पी आणि जून-जुलैमधले पावसाळी मुंबईत, डिसेंबरमधले हिवाळी नागपुरात. नागपूरचा आग्रह १९५३ च्या नागपूर करारातून आला. वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे घ्यायचे असे त्यात ठरले होते. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशनही मुंबईतच झाले.

विशेष अधिवेशन मधेच बोलावता येते. मराठा आरक्षणाच्या विधेयकासाठी २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाचे अधिवेशन झाले आणि २६ तारखेला लगेच अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले.

‘तीन आठवड्यांचे अधिवेशन’ म्हणजे प्रत्यक्ष काम किती दिवस? — एक वाचक, नाशिकरोड

पहिला आणि शेवटचा दिवस पाहून हिशेब करू नका, बैठका मोजा. २०२५ चे पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै म्हणजे १९ दिवसांचे होते. शनिवार-रविवार वजा केले की उरतात १५. डिसेंबर २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत, अवघे सहा दिवस. किती दिवस बसायचे हे दोन्ही सभागृहांच्या कामकाज सल्लागार समित्या ठरवतात. त्यांत विरोधी पक्षांचेही सदस्य असतात, पण सरकारकडे किती विधेयके आहेत यावरच बरेचसे अवलंबून असते.

घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये सुचवले होते की ७० पेक्षा कमी सदस्यांच्या विधानसभांनी वर्षाला किमान ५० दिवस आणि बाकीच्यांनी ९० दिवस बसावे. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत, म्हणजे आपल्याला ९० चा निकष. आपण त्याच्या जवळपासही नाही, आणि ही गोष्ट आम्हाला गंभीर वाटते.

गावची पाणीयोजना अर्धवट पडून आहे. आमदारांना कधी गाठावे म्हणजे विषय सभागृहात येईल? — एक वाचक, दिंडोरी तालुका

अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाची, वेळ टळलेली असते. या प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात, कारण प्रश्न आधी तपासला जातो, मग विभागाकडे आणि तिथून खाली जिल्हा परिषदेपर्यंत माहितीसाठी जातो. अधिवेशन संपताना पुढच्या अधिवेशनाची तारीख सभागृहात जाहीर करतात. ती वहीत लिहून ठेवा आणि त्याआधी निदान दोन महिने आमदारांच्या हातात कागद पडेल असे बघा.

कागद एकाच विषयाचा हवा. गावाचे नाव, योजनेचे नाव, प्रशासकीय मान्यतेची आणि कार्यारंभ आदेशाची तारीख, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, काम कोणत्या महिन्यापासून बंद, आधी कोणाकडे तक्रार केली आणि तिची पोच, एवढे असले की पुरे. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : ‘अमुक काम अमुक महिन्यापासून बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ तुमचे टिपण याच साच्यात बसेल असे लिहा. ‘तालुक्यातील पाणीयोजना रखडल्या आहेत, हे खरे आहे काय’ असे मोघम विचारले की ‘हे खरे नाही’ आणि पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर विभाग मोकळा होतो. तारीख आणि रक्कम असली की निदान ‘अंशतः खरे आहे’ म्हणावे लागते, आणि तिथून उपप्रश्न सुरू होतात. विषय न्यायालयात असेल तर प्रश्न बहुधा स्वीकारतच नाहीत. तसे असल्यास आमदारांना आधीच सांगा.

आता खरी अडचण. खात्यांना वार वाटून दिलेले असतात. सहा दिवसांच्या अधिवेशनात एका खात्याची पाळी एकदाच येते. त्या दिवशीचा प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला की त्या खात्याचे तोंडी प्रश्न गेलेच. लेखी उत्तर छापून मिळते, पण मंत्र्यांना उलट विचारता येत नाही. तास शांततेत चालला तरी यादीतले वरचे काही प्रश्नच चर्चेला येतात. म्हणून शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनाही तोच प्रश्न द्या. जिल्ह्यात १५ विधानसभा मतदारसंघ आहेत, शिवाय विधान परिषदेत नाशिक विभागाचे शिक्षक आणि पदवीधर असे दोन स्वतंत्र मतदारसंघ आहेत.

प्रश्नाची वेळ गेली असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, हा मार्ग उरतो. ती अधिवेशन चालू असताना देता येते, मात्र विषय ताजा आणि तातडीचा हवा. त्या अधिवेशनात न लागलेली लक्षवेधी पुढच्या अधिवेशनात आपोआप येत नाही, नव्याने द्यावी लागते. औचित्याचा मुद्दा मांडला तर विषय नोंदला जातो, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलेच पाहिजे असे नसते.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात कांद्यावर एवढा गदारोळ झाला, तरी निर्यातबंदी का उठली नाही? — एक वाचक, लासलगाव

निर्यातबंदीचा आदेश केंद्राचा होता. तो निघाला ७ डिसेंबरला आणि नागपूर अधिवेशनही त्याच दिवशी सुरू झाले, त्यामुळे विषय तापला. परदेश व्यापार हा केंद्राच्या सूचीतला विषय; विधानसभा चर्चा करू शकते, केंद्राला शिफारस करू शकते, आदेश रद्द करू शकत नाही. राज्याकडे अनुदान, बाजार समित्या, अवकाळीचे पंचनामे आणि मदत एवढे येते. विधानसभेत हेच मागा, निर्यातीचे खासदारांकडून संसदेत.

कुंभमेळा प्राधिकरण आधी अध्यादेशाने का आणले? — एक वाचक, पंचवटी

अधिवेशन चालू नसताना कायद्याची निकड असेल तर अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल अध्यादेश काढतात. सभागृहे पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. २०२७ चा सिंहस्थ समोर असल्याने २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशनाआधी अध्यादेश काढला आणि त्या अधिवेशनात विधेयक मंजूर करून घेतले. सिंहस्थाची तारीख काही अचानक समजत नाही. हे विधेयक आधीच्या अधिवेशनात सविस्तर चर्चेला आणता आले असते, असे आमचे मत आहे.

आमदार अधिवेशनाला गेलेच नाहीत तर? — एक वाचक, सटाणा

सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकते. पण त्या ६० दिवसांत, अधिवेशन संस्थगित असलेला (म्हणजे एक अधिवेशन संपून पुढचे सुरू होईपर्यंतचा) काळ आणि सलग चार दिवसांहून जास्त तहकुबी धरत नाहीत. अधिवेशने इतकी आखूड असताना ६० चा आकडा गाठायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात.

निलंबनाचे वेगळे. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले होते. चालू अधिवेशनाच्या पुढे निलंबन नेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला दिला.

मुलगी टेक्सासमध्ये असते. तिथेही अशी तीन अधिवेशने असतात का? — एक वाचक, गंगापूर रोड

तिथे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी भरते. जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होते आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालते. मधे गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलावू शकतात, त्याला ३० दिवसांची मर्यादा. आपल्याकडे अशी कमाल मर्यादा नाही, आणि किमानही नाही.

अधिवेशन प्रत्यक्ष बघता येते का? — एक वाचक, ओझर

येते. प्रेक्षक गॅलरीचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो. तो ठरावीक दिवसाचा आणि वेळेचा असतो. ओळखपत्र मूळ न्या, मोबाइल गॅलरीत नेता येत नाही. प्रश्नोत्तरे बघायची असतील तर पहिल्या तासाचाच पास मागा; दुपारनंतर बरेचदा विधेयके आणि लांबलेली भाषणे असतात. पहिला दिवस टाळा, पुरवणी मागण्या मांडणे आणि शोकप्रस्ताव यांत तो लवकर संपतो.

नागपूरला नाशिकरोडहून सेवाग्राम एक्स्प्रेस आहे, गाडीने जायचे तर सिन्नरजवळ समृद्धीवर चढता येते. निवेदन घेऊन मोर्चाने जाणार असाल तर नागपूर पोलिसांची परवानगी आधी काढा. यशवंत स्टेडियम हे धरणे-मोर्चांचे नेहमीचे ठिकाण. विधानभवनापर्यंत मोर्चा जाऊ देत नाहीत, त्याच्या आधीच अडवतात आणि मोजक्या जणांच्या शिष्टमंडळाला मंत्र्यांकडे नेतात. तेव्हा आत कोण जाणार ती नावे आणि निवेदनाच्या चार-पाच प्रती नाशिकहूनच तयार ठेवा.