एक ग्रॅमची ठुशी तांबूस का पडली?

प्रश्न: जांभळी नाक्यावरून ‘एक ग्रॅम सोन्याची’ ठुशी घेतली. गौरीला आणि दोन लग्नांत घातली, तर मागचे मणी तांबूस दिसू लागले. माझी फसवणूक झाली का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, ‘एक ग्रॅम’ हे आता दागिन्याच्या प्रकाराचंच नाव झालंय, त्यात ग्रॅमभर सोनं असेलच असं नाही. तांब्या-पितळेवर विजेच्या प्रवाहाने चढवलेला तो मुलामा. मी वीस वर्षं हेच काम केलं. दुरुस्तीला ठुशी आली की आधी उलटी करून बघते: पुढचे मणी लखलखीत, मानेला टेकणारे तांबूस. घाम आणि घासणं, दुसरं काही नाही. थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. अर्धा मायक्रॉन असला तर रोजच्या वापरात तो टिकणार किती?

मुलाम्याचाच दुसरा प्रकार ‘व्हर्मेय’, त्यात खाली चांदी असते आणि अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे वर किमान २.५ मायक्रॉन सोनं. ‘गोल्ड फिल्ड’ वेगळं. त्यात सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाबाने पितळेला जोडतात, तोही एकूण वजनाच्या विसाव्या भागाइतका. टिकायला मला हाच खरा वाटतो.

पुढच्या वेळी बिलावर खालचा धातू आणि मायक्रॉन लिहून मागाच. तुमच्या ठुशीला पुन्हा मुलामा देता येईल. फक्त देताना रेशमी गोंडा सोडवून ठेवा, रसायनात त्याचा रंग जातो.