शातो दिकेम: एका वेलीमागे एक पेला

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. फ्रान्समधील शातो दिकेम या द्राक्षबागेची गोड वाइन खरोखरच कुजलेल्या द्राक्षांची असते का, आणि तसे असेल तर लोक तिच्यासाठी एवढे पैसे का मोजतात, की ही सगळी नावाचीच किंमत आहे? आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि या एका बागेविषयी मी बरीच वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

द्राक्षे कुजलेली असतात हे खरे आहे, मात्र ती कुज एका विशिष्ट बुरशीची असते आणि ती विशिष्ट हवेतच उपयोगी पडते. बोर्दो शहराच्या आग्नेयेला साधारण ४० किलोमीटरवर सोतेर्न हे गाव आहे आणि तिथल्या एका टेकडीवर दिकेमचा जुना, बुरुजांचा वाडा उभा आहे. जवळून सिरों नावाची लहान नदी वाहते. ती झाडीतून येत असल्यामुळे तिचे पाणी थंड असते, आणि शरद ऋतूत ती तुलनेने उबदार अशा गारोन नदीला मिळते तेव्हा पहाटे दाट धुके उठते. दुपारपर्यंत ऊन आणि वारा ते धुके हटवून घड कोरडे करतात. सकाळच्या ओलाव्यावर बोट्रायटिस ही करडी बुरशी वाढते आणि दुपारच्या कोरडेपणामुळे ती आवाक्यात राहते. धुके हटलेच नाही किंवा पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी घडाचा चिखल करून टाकते.

ही बुरशी मण्याच्या सालीला अतिसूक्ष्म छिद्रे पाडते. त्यांतून पाणी उडून जाते आणि साखर, आंबटपणा व स्वाद आत दाट होत जातात. मणी आधी सोनेरी असतो, मग त्यावर तपकिरी ठिपके येतात, मग तो पूर्ण जांभळट तपकिरी होतो आणि शेवटी सुरकुतून त्यावर राखेसारखी लव चढते. दिसायला तो वाया गेलेला वाटतो. आमच्याकडे असा घड दिसला तर तो तत्काळ काढून बागेबाहेर टाकला जाईल. परंतु बेदाण्याप्रमाणे त्यात केवळ साखर दाट झालेली नसते. बुरशीने द्राक्षातील काही आम्ल खाल्लेले असते, ग्लिसरॉल तयार केलेले असते आणि जर्दाळू, संत्र्याची साल, मध, केशर यांची आठवण करून देणारे गंध निर्माण केलेले असतात. ती बुरशी नसेल तर केवळ सुकवलेल्या द्राक्षांतून ही चव येत नाही.

अडचण अशी की एका घडातले सगळे मणी एकाच दिवशी या अवस्थेला येत नाहीत. म्हणून दिकेममध्ये मजूर एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात, बहुतेक वर्षी पाच-सहा वेळा, आणि टोकदार कात्रीने घडाचा तेवढाच तयार भाग काढतात. एका बाजूचे चार मणी सुरकुतलेले आणि शेजारचे सहा अजून सोनेरी असतील, तर सोनेरी मणी पुढच्या फेरीसाठी वेलीवरच राहतात, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे मणी तिथल्या तिथे टाकून दिले जातात. तोडणी ऑक्टोबर ओलांडून कधी कधी नोव्हेंबरातही चालते. सुमारे १०० हेक्टर उत्पादनक्षम क्षेत्रातून हेक्टरी आठ-नऊ हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर) एवढीच वाइन निघते, म्हणजे एका वेलीमागे जेमतेम पेलाभर. सोतेर्नच्या नियमांनुसार हेक्टरी २५ हेक्टोलिटरपर्यंत परवानगी आहे, त्यावरून हा फरक लक्षात येईल. बागेत मुख्यतः सेमियाँ आणि त्याखालोखाल सोव्हिन्याँ ब्लाँ या जाती आहेत. टेकडीच्या माथ्यावरच्या खडीखाली चिकणमाती असल्यामुळे पाणी साचते, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या निचरा नळ्या पुरण्यात आल्या. बागाईत करणाऱ्याला या एका आकड्यावरूनच मालकांची वृत्ती कळते.

ही वृत्ती कुठून आली हे इतिहासातून उमगते. १५९३ मध्ये जाक सोव्हाज याने ही जमीन कसण्याचे हक्क मिळवले आणि त्याच्या वंशजांनी पुढे तिची पूर्ण मालकी मिळवली. बुरशीच्या वाइनचा शोध कोणा मालकाला परतायला उशीर झाल्यामुळे अपघाताने लागला अशी गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जाते. मला ती पटत नाही, कारण १६६६ च्या एका दस्तात या परिसरात १५ ऑक्टोबरच्या सुमारापूर्वी तोडणी करण्याची प्रथा नाही असा उल्लेख आहे. म्हणजे उशिरा तोडण्याची रीत तेव्हाच रुळलेली होती. १७८५ मध्ये घराण्याची वारस फ्रांस्वाझ-जोझेफीन हिचा विवाह लुई-आमेदे द लुर-साल्यूस याच्याशी झाला. तीनच वर्षांत, १७८८ मध्ये, तो वारला. फ्रेंच क्रांतीच्या काळात ही तरुण विधवा दोनदा तुरुंगात गेली, पण बाग तिने हातची जाऊ दिली नाही, आणि १८२६ मध्ये तिने वाइन मुरवण्याची नवी इमारत बांधली. दिकेमचा विषय निघाला की लोक पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनचे नाव घेतात, ज्याने १७८४ सालच्या २५० बाटल्या मागवल्या होत्या. मला विचाराल तर या बागेवर सर्वांत मोठे ऋण या बाईचे आहे.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावाच्या आधारे वाइनची प्रतवारी केली, तेव्हा दिकेमसाठी 'प्रीमिए क्र्यू सुपेरियर' असा स्वतंत्र वरचा दर्जा ठेवला. सोतेर्नमधील दुसऱ्या कोणालाही तो मिळाला नाही. १८५९ मध्ये रशियाच्या ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइनने १८४७ सालच्या वाइनच्या एका 'तोनो'साठी, म्हणजे सुमारे ९०० लिटरसाठी, २०,००० सुवर्ण फ्रँक मोजले. २०११ मध्ये १८११ सालची, म्हणजे मोठा धूमकेतू दिसला त्या वर्षाची, एक बाटली ७५,००० पौंडांना विकली गेली. १९६८ पासून आलेक्सांद्र द लुर-साल्यूस बाग पाहत होते. १९९६ मध्ये घराण्यातील इतर भागधारकांनी बहुसंख्य हिस्सा एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या व्यापारी समूहाला विकायचे ठरवले, त्यावरून कोर्टकज्जे झाले आणि १९९९ मध्ये समझोता झाला. २००४ मध्ये व्यवस्थापन पिएर ल्युर्तों यांच्याकडे गेले.

आता किंमत. नावाचा भाग त्यात निश्चित आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांची दिकेम आपल्याला कुठेही मिळणार नाही, कारण त्या वर्षी वाइन नावाला साजेशी नाही असे ठरवून ती या नावाने बाजारात आणलीच नाही. २०१२ चा निर्णय तर एका मोठ्या व्यापारी समूहाच्या मालकीत झाला. ज्याने वर्षभराचे पीक गारपिटीत जाताना पाहिले आहे, त्याला हातात आलेले पीक आपणहून नाकारण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. या वाइनबद्दल मला जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी.

आपल्याकडे हे का होत नाही, असा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारेलच. सोतेर्नमध्ये तोडणी चालते तेव्हा आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, चाललेली असते, आणि आपली द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या कोरड्या, तापत जाणाऱ्या हवेत पिकतात. सकाळी धुके आणि दुपारी ऊन हा क्रम त्या काळात आठवडेच्या आठवडे टिकत नाही, आणि अवकाळी पाऊस आलाच तर मणी तडकून नासतात. नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ जातीची द्राक्षे वेलीवर जास्त काळ ठेवून 'लेट हार्वेस्ट', म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड वाइन करतात. ती चांगली असते, जेवणानंतर थंडगार घ्यावी अशी असते, परंतु तिची गोडी उन्हाने आटवलेली असते. चव घेऊन पाहायची असल्यास आधी तिची अर्धी बाटली आणावी आणि मग सोतेर्नमधल्याच एखाद्या शेजारच्या बागेची अर्धी बाटली शेजारी ठेवून दोन्ही एकाच दिवशी प्याव्यात. बुरशीने काय केले ते पहिल्या दोन घोटांत कळते.